पारदर्शक, मजबूत आणि सहज न पेटणारं प्लास्टिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी-चाकणचे मोल्डिंगवाले, विजेवरच्या गाड्यांचे सुटे भाग आखणारी मंडळी आणि पॉलिमरमध्ये प्रबंध करणारे विद्यार्थी असे तीन तऱ्हेचे लोक मला या विषयावर प्रश्न विचारतात. प्रश्न वेगवेगळे वाटले तरी अडचण एकच असते. आग रोखायला जावं तर पारदर्शकता जाते, पारदर्शकता राखावी तर उष्णता सोसण्याची ताकद कमी होते, आणि दोन्ही सांभाळलं तर तुकडा ठिसूळ निघतो. खालची उत्तरं ही ओढाताण डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

अजिबात न जळणारं पारदर्शक प्लास्टिक मिळतं का?

नाही. प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या साखळ्या. पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली की त्या जळणारच. ‘ज्वालारोधक’ म्हणजे उशिरा पेटणारं, हळू जळणारं आणि ज्योत बाजूला घेतली की आपोआप विझणारं. विक्रेत्याने ‘फायरप्रूफ’ म्हटलं तर कोणत्या चाचणीत आणि किती जाडीला, हे लगेच विचारा.

तुलनेसाठी ऑक्सिजन निर्देशांक उपयोगी पडतो. नमुना जळत राहायला भोवतालच्या वायूत कमीत कमी किती टक्के ऑक्सिजन लागतो, तो हा आकडा. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. अॅक्रिलिकचा निर्देशांक १७-१८, म्हणजे ते हवेत मजेत जळतं. पॉलिकार्बोनेटचा २५ ते २७, आणि पॉलिइथरइमाइडचा ४७ च्या आसपास. पण ही चाचणी छोट्या कांडीवर, खोलीच्या तापमानाला होते. भोवती आधीच आग भडकलेली असेल तर हेच प्लास्टिक कमी ऑक्सिजनमध्येही जळतं, त्यामुळे एवढ्या एका आकड्यावर माल निवडू नका.

अॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दिसायला सारखंच. मग आगीत इतका फरक का?

फरक साखळीत आहे. अॅक्रिलिक तापलं की त्याची साखळी टोकापासून उसवत जाते आणि मूळ मोनोमर (साखळीची एकेक कडी), म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, वाफ होऊन बाहेर पडतो. ही वाफ ज्योतीचं इंधन. मागे कोळसा जवळजवळ उरत नाही, त्यामुळे खालच्या भागाला काही आडोसाही राहत नाही.

पॉलिकार्बोनेट १९५३ साली बायरमध्ये हेर्मान श्नेल यांनी आणि त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे बनवलं. त्याच्या साखळीत बेंझीनची वलयं आहेत. तापल्यावर साखळ्या तुटतात खऱ्या, पण काही भाग एकमेकांत गुंतून कोळशाचा थर होतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. नायट्रोजनमध्ये तापवलं तर वजनाचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्तच कोळसा म्हणून शिल्लक राहतो. प्रकाश आरपार जाण्यात अॅक्रिलिक सरस आहे (९२ टक्के, पॉलिकार्बोनेट ८८ ते ९०), पण ते साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं, तर पॉलिकार्बोनेट १४५-१५० पर्यंत टिकतं. आघात सोसण्यात तर दोघांची बरोबरीच नाही. म्हणून ज्वालारोधक पारदर्शक भाग करायचा असेल तर माझी सुरुवात नेहमी पॉलिकार्बोनेटपासून असते.

पॉलिकार्बोनेट आपोआप विझतं, तर त्यात आणखी काही घालायचं कशाला?

पातळ भिंतींमुळे. तीन मिलिमीटरची पट्टी विझते, पण त्याच मालाची दीड मिलिमीटरची पट्टी जळता जळता वितळून थेंब टाकते, आणि ते थेंब पेटलेले असतात. खाली वायर, कापूस, कागद असेल तर आग खाली पसरली. साधं पॉलिकार्बोनेट म्हणूनच बहुतेक वेळा व्ही-२ या खालच्या वर्गात अडकतं (हे वर्ग पुढच्या उत्तरात). आणि आजकाल वजन वाचवायला सगळ्यांना भिंती पातळच हव्या आहेत.

व्ही-० म्हणजे नेमकं काय?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण ‘व्ही-० दाणा’ या दोन शब्दांवर पुण्यात लाखोंचा माल विकला जातो आणि घेणाऱ्याला त्यामागची चाचणी क्वचित ठाऊक असते.

यूएल ९४ या अमेरिकी ज्वलन-मानकातली ही उभ्या पट्टीची चाचणी. पट्टी १२५ मिलिमीटर लांब आणि १३ मिलिमीटर रुंद. तिच्या खालच्या टोकाला २० मिलिमीटर उंचीची ज्योत दहा सेकंद लावतात आणि काढतात. पट्टी विझली की पुन्हा दहा सेकंद. खाली ३०० मिलिमीटरवर कापूस ठेवलेला असतो. अशा पाच पट्ट्यांचा एक संच. व्ही-० मिळण्यासाठी कोणतीही पट्टी कोणत्याही वेळी ज्योत काढल्यावर दहा सेकंदांहून जास्त जळता कामा नये, पाच पट्ट्यांची दोन्ही वेळची मिळून बेरीज ५० सेकंदांच्या आत हवी आणि कापूस पेटता कामा नये. व्ही-१ साठी या मर्यादा ३० आणि २५० सेकंद. व्ही-२ साठी वेळ तोच, फक्त कापूस पेटला तरी चालतो.

या सगळ्यात जाडी कुठेच ठरवून दिलेली नाही. जी जाडी तपासली, तिलाच दर्जा मिळतो. म्हणजे ‘व्ही-०, ३ मिमी’ असं कार्ड (चाचणीचा दाखला) असलेल्या मालाचा १.५ मिमीचा भाग काढला तर त्या कार्डाचा त्या भागाशी संबंध उरत नाही. रंगाचंही तसंच. ‘सर्व रंग’ असा उल्लेख नसेल तर पारदर्शक प्रकाराचा दर्जा स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण अपारदर्शक प्रकारात थेंब रोखायला टेफ्लॉनचे तंतू घालता येतात आणि पारदर्शक प्रकारात ती सोय नसते.

ज्वालारोधक घातला की माल दुधी का होतो?

कारण बहुतेक स्वस्त ज्वालारोधक ही भुकटी असते आणि ती प्लास्टिकमध्ये विरघळत नाही. कणाचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वाकतो तो आकडा) प्लास्टिकपेक्षा वेगळा असेल तर प्रत्येक कणावर प्रकाश विखुरतो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५८५ आहे. अमोनियम पॉलिफॉस्फेट आणि टेफ्लॉन यांचा त्याच्याशी जुळत नाही. शिवाय अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड निम्म्याहून जास्त वजनाचं घालावं लागतं आणि ते २०० अंशांच्या पुढे पाणी सोडायला लागतं. पॉलिकार्बोनेट ३०० अंशांना वितळवायचं असतं, त्यामुळे तो रस्ता तिथेच बंद होतो.

कण बारीक केले तर? उपाय खरा आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांसाठी एका कणाने विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने बदलतो. व्यास निम्मा केला तर तो ६४ पटींनी घटतो. दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, म्हणून कण काही दशक नॅनोमीटरपर्यंत आले की डोळ्याला माल स्वच्छ दिसतो. पण एवढे बारीक कण एक्स्ट्रूडरमध्ये (प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात) एकमेकांना धरून गोळे बनवतात, आणि गोळा झाला की तो एकाच मोठ्या कणासारखा वागतो. प्रयोगशाळेत द्रावणातून ओतलेली फिल्म काचेसारखी आणि त्याच मिश्रणाचा मोल्ड केलेला तुकडा ढगाळ, हे त्यामुळे.

अपवर्तनांक जुळवणारे कण घ्यायचे, हा तिसरा मार्ग. तो मला फारसा भरवशाचा वाटत नाही. अपवर्तनांक प्रकाशाच्या रंगानुसार आणि तापमानानुसार बदलतो, आणि प्लास्टिकमध्ये हा बदल खनिज कणांपेक्षा बराच मोठा असतो. २५ अंशांना स्वच्छ असलेला दिव्याचा कव्हर ९० अंशांना धूसर झालेला कोणाला चालेल?

मग विरघळणारा ज्वालारोधक घ्यावा. त्यात काय बिघडतं?

पारदर्शकता टिकते, उष्णता सोसण्याची ताकद जाते. बिसफेनॉल-ए किंवा रिसॉर्सिनॉलचे फॉस्फेट एस्टर पॉलिकार्बोनेटमध्ये छान विरघळतात. पण ते लहान रेणू साखळ्यांमध्ये शिरून वंगणासारखं काम करतात. आठ-दहा टक्के घातले की टीजी, म्हणजे प्लास्टिक काचेसारखं कडक न राहता मऊ पडू लागतं ते तापमान, साधारण वीस-तीस अंशांनी खाली येतं. पॉलिकार्बोनेट निवडण्याचं निम्मं कारणच संपलं.

मजबुतीबाबत एक गोष्ट अनेकांना चकवते. अशा मिश्रणाची ताणचाचणी घेतली तर कडकपणा कधी कधी वाढलेला दिसतो आणि अहवालात ‘यांत्रिक गुणधर्म सुधारले’ असं लिहिलं जातं. खाच पाडलेल्या पट्टीवर आघात केला की खरं चित्र कळतं. तापल्यावर वंगण होणारे हेच रेणू साध्या तापमानाला मात्र साखळ्यांची धक्का पचवणारी बारीक हालचाल थोपवतात, त्यामुळे तुकडा काचेसारखा फुटतो. म्हणून या आघातचाचणीचा, म्हणजे आयझॉडचा, आकडा नसलेला अहवाल मी अर्धाच मानतो.

‘चिमूटभर मीठ’ घालून व्ही-० मिळतं, हे खरं का?

खरं आहे, आणि या साऱ्या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच. बेंझीनची वलयं असलेल्या सल्फोनिक आम्लांचे पोटॅशियम किंवा सोडियम क्षार, उदाहरणार्थ पोटॅशियम डायफेनिल सल्फोन सल्फोनेट, पॉलिकार्बोनेटमध्ये ०.०५ ते ०.१ टक्का पुरतात. एक टन दाण्याला अर्धा ते एक किलो. इतक्या कमी प्रमाणात ना टीजी हलतो, ना आघातशक्ती.

हा क्षार ज्योतीशी झुंजत नाही. तो आग लागल्यावर पॉलिकार्बोनेटचं विघटन मुद्दाम लवकर सुरू करतो. कार्बन डायऑक्साइड लवकर सुटतो, साखळ्यांना फांद्या फुटतात, त्या एकमेकींत गुंततात, पृष्ठभाग घट्ट होतो आणि वर कोळसा धरतो. प्लास्टिकने एरवी उशिरा केलं असतं तेच काम क्षार वेळेवर करवून घेतो.

आता अडचणी. प्रमाण वाढवलं म्हणून परिणाम वाढत नाही. माल धुरकट होतो आणि क्षार मोल्डिंगच्या वेळीच साखळ्या तोडायला लागतो. इतकं कमी द्रव्य सगळीकडे सारखं पसरवणं अवघड, त्यामुळे सुकी भुकटी हॉपरमध्ये टाकण्यापेक्षा मास्टरबॅच (क्षार आधीच दाट मिसळून ठेवलेले दाणे) वापरावी. पातळ भिंतीत एकटा क्षार थेंब रोखू शकत नाही, तिथे फांद्या असलेलं पॉलिकार्बोनेट किंवा सिलिकॉन जोडीला लागतं. आणि सर्वांत प्रभावी मानला गेलेला पोटॅशियम परफ्लोरोब्युटेन सल्फोनेट हा पर्यावरणात न विघटणाऱ्या फ्लोरिन संयुगांपैकी आहे. त्याच्या कुळाला युरोपीय महासंघाने जानेवारी २०२० मध्ये अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत घातलं. निर्यातीचा माल असेल तर नवीन काम या क्षारावर उभारू नका.

सिलिकॉनचा उपयोग कितपत होतो?

बराच. १९९८ साली जपानच्या एनईसी कंपनीतले इजी आणि सेरिझावा यांनी दाखवलं की फांद्या असलेलं, मिथाइल आणि फेनिल असे दोन्ही गट धारण करणारं सिलिकॉन पॉलिकार्बोनेटची आग चांगली रोखतं. फेनिल गटांमुळे ते पॉलिकार्बोनेटमध्ये नीट पसरतं. जळताना ते पृष्ठभागाकडे सरकतं आणि तिथे सिलिकायुक्त कोळशाचं कवच तयार होतं.

याहून पुढची पायरी म्हणजे सिलिकॉनचे तुकडे साखळीतच जोडणं. सिलिकॉन उणे १२० अंशांच्याही खाली लवचिक राहतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही भाग फुटत नाही. पारदर्शकतेचं गणित तुकड्याच्या लांबीत आहे. तुकडे लांब असले तर ते वेगळे होऊन मोठी बेटं करतात आणि माल दुधी दिसतो. आखूड आणि सारखे विखुरलेले असले तर बेटं प्रकाशाला दिसतच नाहीत. सल्फोनेट क्षार आणि असं सहपॉलिमर (सिलिकॉन जोडलेलं पॉलिकार्बोनेट) ही जोडी आग, पारदर्शकता, उष्णता आणि मजबुती या चारही गरजा सांभाळण्यात आज मला सर्वांत समतोल वाटते.

फॉस्फरस साखळीतच गुंफला तर?

तर तो बाहेर पाझरत नाही आणि वंगणासारखा वागत नाही. बिसफेनॉल-ए आणि मिथाइल फॉस्फोनेटच्या पॉलिमरमध्ये वजनाने जवळपास ११ टक्के फॉस्फरस असतो आणि तो पारदर्शकही असतो. पण त्याचा स्वतःचा टीजी पॉलिकार्बोनेटपेक्षा बराच कमी, सुमारे १०५ अंश. दोन्ही एकत्र गुंफले की मधला आकडा मिळतो, म्हणून लागेल तेवढाच फॉस्फरस घालावा.

अॅक्रिलिकवर काम करणाऱ्यांसाठी हाच रस्ता उरतो. फॉस्फरस असलेला मेथाक्रिलेट सुरुवातीलाच मोनोमरमध्ये मिसळायचा. डोपो नावाचं वलयांचं फॉस्फरस संयुग जोडलं तर ते जाड आणि ताठ असल्याने टीजी कमी घसरतो. फॉस्फरस–ऑक्सिजन–कार्बन हा बंध दमट उष्णतेत पाण्याने तुटतो, फॉस्फरस–कार्बन बंध जास्त टिकाऊ. रेणू आखताना हा फरक पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरविज्ञानाची जुनी परंपरा आहे. पुण्यातल्या विद्यार्थ्याने असा रेणू बनवण्याआधी तिथली व्याख्यानं ऐकावीत, माणसांशी बोलावं.

‘उष्णतेला स्थिर’ म्हणजे कोणती उष्णता?

तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. पहिली, वापरात भाग वाकू नये. त्यासाठी भाराखाली वाकण्याचं तापमान पाहावं, जे साध्या पॉलिकार्बोनेटसाठी १२५ ते १३५ अंश असतं. दुसरी, वर्षानुवर्षं गरम राहून भाग पिवळा किंवा ठिसूळ होऊ नये. तिसरी, मोल्डिंगच्या २८० ते ३२० अंशांत ज्वालारोधक टिकावा.

तिसरी अट अडवणूक करते. ज्वालारोधकाने ३२० अंशांना शांत बसायचं, पण पॉलिकार्बोनेट ४५० अंशांच्या सुमाराला फुटायला लागण्याआधी कामाला लागायचं. एवढ्या फटीत बसणारी संयुगं थोडी आहेत. त्यात प्रबंधांमध्ये तापमान सतत वाढवत नेलेला वजनघटीचा आलेख दाखवतात आणि ‘३५० अंशांपर्यंत स्थिर’ असं लिहून मोकळे होतात. त्याच यंत्रात नमुना ३०० अंशांना अर्धा तास धरून ठेवा. बॅरलमध्ये माल खरोखर काय भोगतो ते त्यात जास्त कळतं.

पावसाळ्यात आमच्या मशीनवर माल चंदेरी रेघांचा आणि ठिसूळ निघतो. ज्वालारोधकाचा दोष आहे का?

बहुधा ओलाव्याचा. पॉलिकार्बोनेटचे दाणे १२० अंशांना तीन-चार तास सुकवून ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणावा लागतो. जून-जुलैत साधा गरम हवेचा ड्रायर बाहेरची दमट हवाच दाण्यांवर फिरवतो. डिह्युमिडिफायर असलेला घ्या आणि सुकलेला दाणा उघड्या पिंपात ठेवू नका. ओल्या दाण्यात ३०० अंशांना पाणी साखळ्या तोडतं. रेघ दिसते म्हणून कळतं तरी, पण कधी रेघही न दिसता ताकद गेलेली असते. अशा तुटक साखळ्यांचा रस पातळ असतो, त्यामुळे आगीत थेंबही लवकर पडतात. चांगला दाणा घेऊनही भाग व्ही-० ला नापास होतो तो असा.

रनर (साच्यात रस नेणाऱ्या वाटेत गोठलेले तुकडे) दळून पुन्हा वापरता येतात, पण प्रमाण ठरवून आणि सुकवूनच. आधीच्या पाळीचं एबीएस (एक अपारदर्शक प्लास्टिक) बॅरलमध्ये राहिलं असेल तर धूसरपणाचा शोध तिथेच संपतो.

ब्रोमीनवाले ज्वालारोधक पूर्ण बंद झालेत का?

सगळे नाहीत. पॉलिब्रोमिनेटेड बायफेनिल आणि डायफेनिल ईथर या ब्रोमीनच्या संयुगांवर आपल्या ई-कचरा नियमांतही ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. ब्रोमीन असलेलं पॉलिकार्बोनेट त्यात येत नाही आणि ते पारदर्शकही असतं. पण त्याचा धूर दाट आणि आम्लयुक्त, आणि उन्हात ते पिवळं पडतं. नव्या उत्पादनात मी ते सुचवत नाही.

बॅटरी पॅकचं झाकण पारदर्शक करायचं आहे. चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे. सेलचा ज्वालामुखी अडवायला पारदर्शक प्लास्टिकवर विसंबू नका. मार्च २०२२ मध्ये लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली आणि त्या उन्हाळ्यात देशात इतरत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचं एआयएस १५६ हे मानक कडक करण्यात आलं. ते मानक संपूर्ण पॅकची परीक्षा घेतं. एका झाकणाच्या व्ही-० कार्डाने तिथे काही सुटत नाही, कारण यूएल ९४ ची छोटी ज्योत आणि सेलमधून दाबाने सुटणारा जळता वायू यांची तुलनाच होत नाही.

फ्यूजचं झाकण, चार्जिंगची दर्शक खिडकी, जोडण्या पाहण्यासाठीचा झरोका, इथे मात्र असं प्लास्टिक हवंच. वीजमीटरचा दाखला घ्या. आंतरराष्ट्रीय मानकात मीटरच्या कवचाला आणि टर्मिनल झाकणाला ६५० अंशांच्या तप्त तारेची चाचणी असते, पण जिथे तारा कसतात त्या टर्मिनल ब्लॉकला ९६० अंशांची. ढिल्या स्क्रूपाशी उष्णता निर्माण होते, म्हणून तिथली अट कडक.

मेट्रोच्या डब्यातल्या दिव्याच्या कव्हरला व्ही-० पुरेल का?

नाही. रेल्वेसाठीच्या ईएन ४५५४५-२ या युरोपीय मानकात उष्णता किती वेगाने सुटते, धूर किती दाट आणि किती विषारी, हे मोजतात. बोगद्यात माणसं आधी धुराने गुदमरतात. ज्योतीतले मूलक (आग चालू ठेवणारे अतिक्रियाशील तुकडे) पकडून आग विझवणारे काही फॉस्फरस ज्वालारोधक ज्वलन अर्धवट ठेवतात, त्यामुळे धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू शकतो. व्ही-० ला पहिला आलेला माल इथे मागे पडतो, तो त्यामुळेच.

काहीही न मिसळता हे सगळं देणारं प्लास्टिक नाही का?

आहे. पॉलिइथरइमाइड (टीजी २१७ अंश) आणि पॉलिफेनिलसल्फोन (सुमारे २२०) जात्याच व्ही-० आहेत, आरपार दिसतात आणि मजबूतही आहेत. पण पहिलं मधासारख्या रंगाचं, किंमत पॉलिकार्बोनेटच्या कित्येक पट, आणि मोल्डिंगला ३५० अंशांच्या पुढे जावं लागतं. विमानात परवडतं, मीटरच्या पेटीत नाही.

नमुने चाचणीला द्यायचे आहेत. काय तयारी करावी?

पट्ट्या तुमच्या भागाच्या सर्वांत पातळ भिंतीइतक्या जाडीच्या काढा. यूएल ९४ साठी दोन संच लागतात: पाच पट्ट्या २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवलेल्या, पाच पट्ट्या ७० अंशांच्या भट्टीत सात दिवस ठेवलेल्या. काही पट्ट्या जास्तीच्या ठेवा, पहिला संच थोडक्यात नापास झाला तर दुसरा तपासता येतो. त्याच लॉटमधून धूसरपणा मोजायला सपाट चकत्या, आयझॉडसाठी खाचेच्या पट्ट्या आणि वाकण्याच्या तापमानासाठी कांड्या काढा. वेगवेगळ्या लॉटचे आकडे एका तक्त्यात मांडू नका. शक्य असेल तर आणखी एक संच ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे ठेवून मग जाळा. फॉस्फरसचे बंध टिकलेत की नाही, हे त्या संचात कळेल.